अरबी कादंबरीत सारखं ‘इन्शाअल्ला’ का?

फोंडेकर_वाचतो:
इजिप्तच्या नगीब महफूझची कैरोची त्रयी वाचतोय, इंग्रजीतून, पहिलाच भाग. दर दोन पानांनी ‘इन्शाअल्ला’ (देवाची इच्छा असेल तर) नाहीतर असंच काही, देवाचं नाव आहेच. आणि तो बाप अब्द अल-जवाद घरात एवढा कडक की बायकोने उंबरा ओलांडायचा नाही आणि रात्री याची स्वतःची दारू, गाणंबजावणं सगळं चालू. लेखकाला ढोंग दाखवायचंय की भाषाच तशी आहे आणि मी उगाच कीस पाडतोय?

मांडवी_काठ:
ढोंगी नाही रे तो, नमाज मनापासून पढतो आणि मजापण मनापासूनच करतो. बाप सोड, आमिना बघ. नवऱ्याची वाट बघत मध्यरात्री एकटी, जिनांच्या, म्हणजे भुताखेतांच्या भीतीने कुराणातल्या ओळी पुटपुटते, आमची आजी काळोखात भीमरूपी म्हणायची तस्सं. आणि तीच पुढे न विचारता हुसेनच्या मशिदीत जाऊन आली म्हणून तो तिला माहेरी हाकलतो. देव दोघांचा एकच, पण देवाकडे कधी जायचं ते नवरा ठरवणार!

कुवेत_रिटर्न:
9 वर्षं तिकडे काढली. आमच्या ऑफिसात ‘बुकरा इन्शाअल्ला’ म्हणजे काम उद्या, आणि उद्या कधी ते विचारायचं नाही. लेबनॉनचे ख्रिश्चनपण हेच बोलायचे. आपल्याकडे गोव्यात ‘देव बरें करूं’ हिंदूपण म्हणतो, किरिस्तांवपण, आणि बहुतेक वेळा अर्थ फक्त थँक्यू. पण दर वेळी असं हलकं नसतं हां. अल-अस्वानी या इजिप्तच्याच लेखकाच्या ‘याकूबियन बिल्डिंग’ कादंबरीत (2002) निवडणुकीच्या तिकिटासाठी लाच ठरते आणि सौदा पक्का म्हणून फातिहा (कुराणाचा पहिला अध्याय) म्हणतात. लग्न ठरवताना म्हणतात तीच! तिथे देवाचं नाव म्हणजे स्टँपपेपर.

मांडवी_काठ:
करेक्ट. आणि महफूझ संवादपण प्रमाण अरबीत लिहितो, कैरोच्या बोलीत नाही, त्यामुळे गल्लीतला माणूस पुस्तकी बोलल्यासारखा वाटायची भीती. पण ‘अल्हम्दुलिल्ला’ (देवाची कृपा) बोलीतपण तेच आणि ग्रंथातपण तेच, तेवढ्या शब्दांत त्याचा खरा आवाज ऐकू येतो. ‘इन्शाअल्ला’ मराठीत आणायचं तर वांधेच. ‘देवाच्या मनात असेल तर’ लिहिलं की कीर्तन सुरू झाल्यासारखं वाटतं, तसंच ठेवलं तर आपल्या वाचकाला फक्त ‘मुसलमान’ एवढंच ऐकू येतं, बाकी टोमणा, टाळाटाळ, भीती सगळं गेलं.

फोंडेकर_वाचतो:
हे इंग्रजीत कळलंच नसतं. पण ते मशिदीचं सांगायची काय गरज होती, मी अजून तिथे पोचलोच नव्हतो!!