जुन्या येझदी मोटारसायकलच्या मूळ रंगाची झळाळी परत आणता येईल का?

प्रश्न (सातारा):
वडिलांची १९८४ सालची येझदी अनेक पावसाळे पडवीत उभी होती. टाकीचा मूळ रंग शाबूत असला तरी पांढरट पडला असून सायलेन्सरच्या क्रोमवर तांबूस ठिपके आले आहेत. नवा रंग न देता काही करता येईल का?

उत्तर (सांगली):
येईल. पांढरटपणा बहुधा रंगाच्या वरच्या, ऑक्सिडीकरण झालेल्या थरापुरताच असतो. आधी शाम्पूच्या पाण्याने धूळ पूर्ण काढावी, कारण मागे राहिलेला बारीक कणही ओरखडे पाडतो. मग सावलीत, टाकी थंड असताना, बारीक रबिंग कंपाउंड (रंगाचा वरचा थर हलकेच घासून काढणारी पेस्ट) मऊ कापडाने थोड्या थोड्या भागावर हलक्या हाताने फिरवून शेवटी मेणाचे पॉलिश लावावे. कडांवर रंग पातळ असतो. तेथे हात आवरावा.

उत्तर (कराड):
क्रोमवर पॉलिशपेपर मुळीच नको. ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात भिजवून चोळावी; ती क्रोमपेक्षा मऊ असल्याने गंज निघतो आणि सहसा चरे पडत नाहीत. जेथे मुलामाच सुटला आहे, तेथे मात्र निकेल-क्रोमचे प्लेटिंग पुन्हा करावे लागेल.

प्रश्नकर्ता:
टाकीवरील सोनेरी रेषांवर कंपाउंड चालेल?

उत्तर (सांगली):
नाही. त्या पुसल्या जातील. तेथे केवळ मेण लावावे.