बर्न्सव्हिल मराठी शेजार ग्रुप: टेकडीवर धूर?

वैशाली: बक हिलवर धूर दिसतोय का कोणाला? आमच्या डेकवरून पांढरे लोटच्या लोट दिसतायत. सासूबाई घाबरल्यात. आग वगैरे नाही ना?

मंदार: आग नाही वहिनी. स्कीइंगसाठी बर्फ करायला लागलेत. स्नो गन.

वैशाली: पण यंदा अजून बर्फ पडलाच कुठे?

मंदार: म्हणूनच.

शिरीषकाका: 🙏 सर्वांना विनंती. व्हिजिटर पार्किंगमधल्या गाड्या हलवा. बर्फ काढणारा प्लाऊवाला आला की मग बोलू नका.

नेहा: काका, सध्या फक्त टेकडीवर पडतोय 😀

शिरीषकाका: गेल्या वर्षी पण असंच हसला होतात.

प्रसाद: वैशाली, ९११ ला फोन नाही ना केलास? आमच्या वास्तुशांतीच्या होमाला ज्यांनी केला त्यांनी अजून तोंड उघडलेलं नाही.

अनघा: प्रसाद, प्लीज. तो विषय दिवाळीला मिटला होता.

प्रसाद: तुमच्यासाठी मिटला असेल. गुरुजी मंत्र थांबवून थंडीत बाहेर उभे होते.

मंदार: वहिनी, काकूंना सांगा, पाण्याचा अगदी बारीक फवारा दाबाखालच्या हवेबरोबर उंच उडवतात. थेंब खाली येईपर्यंत गोठतात. रात्री दिव्यांच्या उजेडात तो धुरासारखा दिसतो. आज १८ फॅरनहाइट आहे आणि हवा कोरडी. याहून चांगली रात्र नाही.

नेहा: कोरडी कशाला लागते?

मंदार: माठासारखं आहे. थेंबातलं थोडं पाणी उडून जातं, उरलेलं आणखी गार होतं. म्हणून ते वेट बल्ब तापमान (हवेतला ओलावा धरून मोजलेलं) बघतात, ते साधारण २८ च्या खाली हवं. दमट हवेत ३० ला सुद्धा काही होत नाही, कोरड्या हवेत ३४ ला जमून जातं.

शिरीषकाका: परत सांगतो. व्हिजिटर पार्किंग.

अनघा: त्यात केमिकल घालतात म्हणे?

मंदार: मुळात पाणी आणि हवाच. काही ठिकाणी स्नोमॅक्स घालतात, ते एका जिवाणूपासून काढलेलं प्रथिन. त्याने थेंब जरा लवकर गोठतो. जिवाणू मारलेले असतात.

विवेक: पण तो खरा बर्फ नव्हेच. चुरा.

मंदार: आकाशातला चांदणीसारखा असतो, हा बारीक गोळ्यांचा. म्हणून तर घट्ट बसतो आणि उन्हात जास्त टिकतो.

नेहा: टेकडी जेमतेम ३०० फुटांची म्हणून नाकं मुरडणाऱ्यांसाठी: स्कीपटू लिंडसी व्हॉन इथेच शिकली आणि २०१० ला ऑलिंपिकचं सुवर्ण घेतलं. १९५४ पासून चालू आहे ही टेकडी. आमच्या ईशानचा क्लास शनिवारपासून. तो दोन तास खिडकीला नाक लावून उभा आहे, जेवायला यायला तयार नाही.

विवेक: मी नाक मुरडलं नाही.

वैशाली: सासूबाईंनी पण खुर्ची खिडकीपाशी ओढलीय. म्हणतात, शिरोळला गळीत हंगामात घरातून कारखान्याची चिमणी अशीच दिसायची. आता भीती गेली, फोटो काढ म्हणतायत. माझ्या फोनमध्ये नुसता काळोख येतोय.

प्रसाद: काकूंना उद्या संध्याकाळी आमच्याकडे पाठव. वरच्या खोलीतून पूर्ण उतार दिसतो. चहा मी करतो.

अनघा: मी पण येऊ का? शेवचिवडा आणते.

प्रसाद: ये.

वैशाली: लोट एकदम दिसेनासे झाले. बंद केलं का?

मंदार: नाही, वारा फिरला. हायवेच्या बाजूला बघा.

वैशाली: हो हो, दिसलं!

शिरीषकाका: प्रसाद, व्हिजिटरमधली निळी गाडी तुझीच आहे.

प्रसाद: हलवतो काका.