मदत हवी आहे: गोझोला वाळूचा बीच कुठला? जरा घाई आहे

मिरजकर_सध्या_बाहेर
लोकहो, माल्टाच्या गोझो बेटावर चाललोय, चार दिवस. फोटोत बघावं तिकडे नुसते खडक आणि खडकावरून पाण्यात उड्या मारणारी पोरं. आम्हाला वाळूवाला किनारा हवाय, बस. ब्लू लगून, झ्लेंडी, रामला, सान ब्लास, मार्सालफॉर्न अशी यादी काढलीये, यातलं काय धरू आणि काय सोडू? गूगल कर म्हणू नका, दोन रात्री तेच केलंय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. आज रात्री प्लॅन ठरवायचाच आहे.

शेवग्याची_शेंग
महिना कुठला? कोण कोण आहे बरोबर? गाडी घेणार की बस? पोहणार का नुसतं बसणार?

सौ_भटके
आधी व्हिसाचं बघा! माल्टा २००७ च्या डिसेंबरपासून शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) आहे, गोझो माल्टाचंच बेट. यूके किंवा आयर्लंडच्या व्हिसावर तिथे जाता येईल असं समजून आमच्या ओळखीतल्या एकांनी तिकिटं काढली होती, सगळी वाया गेली.

मिरजकर_सध्या_बाहेर
सौ_भटके, व्हिसाचं विचारलंच नाहीये. झालाय तो. शेंग, ऑक्टोबरच्या शेवटी. बस.

गुहागरचा_बाबल्या
वाळूसाठी एवढ्या लांब?? गुहागरला या, मैलोन् मैल वाळू, डोक्यावर सुरूची सावली आणि वर सोलकढी. भूमध्य समुद्राला धड भरती-ओहोटी पण नसते म्हणे, त्याला काय समुद्र म्हणायचं.

जुना_जाणता
बीच राहू द्या, द्वेइराची अझूर विंडो अजिबात चुकवू नका. समुद्रात उभी असलेली दगडाची कमान, आम्ही २०११ ला पाहिली, डोळ्यांचं पारणं फिटलं.

शिऱ्या
काका, ती कमान ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली. खांबासकट. आता तिथे नुसतं पाणी आहे.

जुना_जाणता
अरेरे. खरंच माहीत नव्हतं. पण द्वेइराला तरी जाच, डोंगरामागे आत एक समुद्राचं तळं आहे, तिथून छोट्या होडीतून बोगद्यातनं बाहेरच्या समुद्रात नेतात. (वारा असेल तर होड्या बंद.)

स्लिमाकर
मी इथे सात वर्षं राहतोय म्हणून नीट सांगतो, पण आधी तुम्ही सांगा की उतरणार कुठे? हॉटेल गोझोवर आहे ना? आणि वयस्कर कोणी आहे का? या दोन गोष्टींवर सगळं उत्तर बदलतं.
तोवर तुमची यादी. ते झ्लेंडी नाही, श्लेंडी. मल्टीजमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत, एक्सचा उच्चार श. जागा सुंदर, पण वाळू एवढीशी. मार्सालफॉर्नही तसंच, खायला प्यायला बरं. सान ब्लासला लाल वाळू आहे पण खाली जायचा उतार इतका उभा की उन्हाळ्यात परत वर आणायला जीपवाले पैसे घेऊन उभे असतात. ब्लू लगून गोझोवर नाहीच, ते कोमिनो नावाच्या मधल्या बेटावर आहे, पाणी निळंशार पण वाळू नावापुरती, बाकी खडक आणि माणसं. २०२५ पासून तिथे गर्दी आवरायला आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं. राहिली रामला. वाळू हवी तर रामलाच.

मिरजकर_सध्या_बाहेर
हॉटेल स्लिमात आहे, नॉन-रिफंडेबल. २२ तारखेला डब्लिनहून पोचतोय. आई, बाबा, मी, बायको. आईचा गुडघा खराब आहे, पायऱ्या चढवत नाहीत. ती पोहणार वगैरे नाही हो, तिला साडी जरा वर धरून ओल्या वाळूत चालायचंय एवढंच. आयुष्यात समुद्र म्हणजे एकदा गणपतीपुळे, तेही दर्शनाच्या घाईत. इकडे आयर्लंडमध्ये आल्यापासून दोनदा बीचवर नेलं, पाणी इतकं गार की बोटं बुडवून परत आली.

शेवग्याची_शेंग
अहो मग हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना! हॉटेल दुसऱ्याच बेटावर, आई बरोबर, गुडघा, आणि आपण इथे सान ब्लासचा उतार मोजतोय.

स्लिमाकर
राव, मग गोझोचा हट्ट कशाला? स्लिमाहून २२२ नंबरची बस चिर्केवाला जाते, तिथूनच गोझोची फेरी सुटते. त्याच रस्त्यावर मेलिहाचा बीच लागतो, मल्टीजमध्ये आदीरा. माल्टातला सगळ्यात लांब वाळूचा किनारा, पाऊण किलोमीटरच्या वर. बस अगदी बीचला लागून थांबते, एक पायरी नाही, आणि पाणी इतकं उथळ की बरंच आत गेलं तरी गुडघाभरच. ऑक्टोबर अखेरीस इथलं पाणी कोमट नसलं तरी आयर्लंडसारखं हाड गोठवणारं नसतं. आईंसाठी हेच.

गडवाट
असहमत. गोझो टाळून मेलिहा म्हणजे घाट उतरून खाली न जाता वरूनच वडापाव खाऊन परत. गोझो अख्खं ६७ चौरस किलोमीटर, एका दिवसात आरामात होतं. व्हिक्टोरिया म्हणजे गोझोचं मुख्य शहर, तिथला किल्ला बघा, चितादेला म्हणतात. १५५१ मध्ये तुर्कांनी वेढा घालून किल्ला घेतला आणि बेटावरची जवळजवळ सगळी माणसं, पाचेक हजार, गुलाम करून नेली. त्यानंतर इतकी दहशत की १६३७ पर्यंत नियमच होता, गोझोच्या लोकांनी रात्री किल्ल्यात येऊन झोपायचं. विचार करा, दिवसभर शेतात राबायचं आणि दिवेलागणीला पोरंबाळं घेऊन गड चढायचा, रोज. शिवाय शारा गावात जगांतियाची देवळं आहेत, पिरॅमिडच्याही आधीची, साडेपाच हजार वर्षांपूर्वीची.

शिऱ्या
दादा, ते वाळू विचारतायत.

गडवाट
वाळू सगळीकडे असते, किल्ला सगळीकडे नसतो.

अमोल_ऑन_व्हील्स
गाडी भाड्याने घ्या, विषय संपला. माल्टात डावीकडूनच गाडी चालवतात, इंग्रजांची कृपा. गाडीसकट फेरीत चढायचं. बसच्या नादी लागू नका, मी लागलो होतो. मोबाइलवर इमजार टाकलं, बसमध्ये बसलो, उतरलो तर शेतं, द्राक्षांचे मळे आणि एक चर्च. समुद्राचा पत्ता नाही. इमजार नावाचं गाव माल्टातच आहे आणि इमजार नावाचं बंदर गोझोत, दोन्ही वेगळी! तिथून परत उलटं येईपर्यंत दुपार झाली, बायको अजून ऐकवते.

स्लिमाकर
हाहा, नेहमीचंच. रबातही दोन आहेत, एक माल्टातल्याच इमदीना शहराजवळ, आणि व्हिक्टोरियालाही गोझोवाले रबातच म्हणतात. आणि गोझोचं खरं नाव आउदेश, बोर्डावर ते लिहिलेलं दिसेल, घाबरू नका. पण गाडीचं आत्ता शेवटच्या क्षणी कशाला, रस्ते अरुंद, पार्किंग डोक्याला ताप. शिवाय लायसन्स भारतीय असेल तर भाड्याने देणाऱ्यांना आधी मेल टाकून विचारावं लागेल.

सौ_भटके
राजधानी व्हॅलेटाहून थेट गोझोला फास्ट फेरी आहे ना? पाऊण तासात पोचवते.

स्लिमाकर
आहे, पण बघा, स्लिमाची होडी व्हॅलेटाच्या एका अंगाला लागते आणि गोझोची फेरी दुसऱ्या अंगाने सुटते. मध्ये अख्खं व्हॅलेटा, चढ आणि पायऱ्या. वरच्या बागेतून खाली बंदरावर यायला लिफ्ट आहे, पण वर बागेपर्यंत चढायचं तर आहेच. आणि वारा सुटला की ती फेरी रद्द होते. चिर्केवाची मोठी फेरी बरी, पंचवीस मिनिटं, तिकीटसुद्धा जाताना घेत नाहीत, येताना गोझोहून निघताना घेतात.

माळकरी_पोर
आई-बाबा शाकाहारी आहेत का? तिकडे पस्तिझी मिळते, पापुद्र्याची करंजी, आत रिकोटा चीज नाहीतर वाटाणा. वाटाण्यात चक्क करी पावडर असते, घरच्यासारखं लागतं. पण पापुद्र्यात कुठे कुठे डुकराची चरबी वापरतात, विचारून खा.

शिऱ्या
मल्टीज ऐकायला मजा येते. अरबीतून आलेली भाषा पण लिपी रोमन. पुस्तकाला क्तिएब, दुनियेला दिन्या. रामला म्हणजेच वाळू. अख्खं नाव रामला ल-हामरा, लाल वाळू.

मिरजकर_सध्या_बाहेर
मंडळी, भाषा नंतर. रामलाला आई चालू शकेल का, हो की नाही?

स्लिमाकर
हो. व्हिक्टोरियाच्या स्टँडवरून ३०२ ची बस, बीचच्या जवळ सोडते. तासाला एक असते म्हणून परतीची वेळ उतरल्या उतरल्या बघून ठेवा. एकच अट, बीचचं तोंड उत्तरेला आहे. उत्तरेचा वारा असेल तर लाटा ओढतात, पाण्यात आत जाऊ नका. उन्हाळ्यात लाइफगार्ड असतात, तुम्ही जाल तेव्हा असतील असं धरून चालू नका. काठाने चालायला हरकत नाही. आणि मेलिहा वाटेत आहेच, दोन्ही करा.

गडवाट
आणि किल्ला.

मिरजकर_सध्या_बाहेर
(परत आलो, सात दिवसांनी.) पहिल्या दिवशी मेलिहा केलं. सोय सगळी उत्तम, पण रस्ता इतका लागून की आई म्हणाली हे स्टँडवर बसल्यासारखं वाटतंय, पंधरा मिनिटांत चला म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी सातची २२२ धरली आणि गोझो. वारा होता, उत्तरेचाच. रामलाला पाण्यात कोणी नव्हतं, वाळूत मधोमध येशूच्या आईचा, मारियाचा पांढरा पुतळा आणि आम्ही चौघं. वाळू खरंच विटांच्या चुऱ्यासारखी. आई चपला हातात घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली, मी दहादा म्हणालो गुडघा गुडघा, तिने ऐकलं नाही. आम्ही दोन बस सोडल्या. साडीची किनार विटकरी झालीये, हॉटेलच्या बेसिनमध्ये तीनदा धुतली, जात नाहीये.
गडवाट, किल्लाही केला. बाबांनी वर गेल्या गेल्या विचारलं, पाण्याची सोय काय होती. तर तिथे जमिनीखाली बाटलीच्या आकाराची धान्याची कोठारं आहेत, पुढे इंग्रजांनी त्यांची पाण्याची टाकी केली. बाबा आत डोकावून म्हणाले, हे तर आपल्या हरिपूरच्या हळदीचं पेव. मग तिथल्या बाईंना मराठी-इंग्रजीत पेव समजावत बसले, तिथेच तिसरी बस गेली.

गडवाट
बाबांना नमस्कार सांगा.

सौ_भटके
साडीला लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवा.

गुहागरचा_बाबल्या
डब्लिनात ऊन?

माळकरी_पोर
ते राहू दे, वाटाण्याची करंजी खाल्लीत का नाही?