आकडे बरोबर, पण विमान उडतं कुठून?
वर एकानं लिहिलंय की चीनकडं 20 लाख फौज, आपली 14-15 लाख, विमानं पण त्यांची जास्त, म्हणजे युद्ध झालं तर चीनच जिंकणार, विषय संपला. आकडे खोटे नाहीत हो, पण ती विमानं उडणार कुठून ते कुणीच बोलंना. तिबेटातला न्गारीचा विमानतळ 4,200 मीटरच्या वर आहे, तिथं हवा इतकी विरळ की इंजिनाला जोर मिळत नाही अन पंखाला उचल मिळत नाही, मग फायटरला एकतर इंधन कमी भरावं लागतं नाहीतर बॉम्ब कमी लावावे लागतात. आपले अंबाला, आदमपूर, तेजपूर हे हवाई तळ सगळे सपाटीवर, तिथून पूर्ण वजन घेऊन उडता येतं. अर्थात त्यांच्याकडं मिसाईलचा ढीग आहे अन ह्याच धावपट्ट्या ते आधी फोडणार, त्यामुळं लई खुश व्हायचं पण कारण नाही.

माणसाचं पण तसंच. आमचा चुलतभाऊ परभणीकडचा, 44 डिग्रीत रानात राबलेला गडी, फौजेत गेला, पण उंचावरच्या लेहला उतरल्यावर त्याला आधी सहा दिवस काहीच जड काम दिलं नाही, मग अजून वर जायच्या आधी चार, अन 15 हजार फुटाच्या वर जाताना परत चार. आधी म्हणे जिना चढला तरी धाप लागायची. म्हणजे खालून पाठवलेली फौज चौदा दिवस नुसती हवेला सरावणार, हे दोन्हीकडच्यांना लागू, मग वर आधीपासून कोण किती बसलंय ते मोजा की राव, एकूण बेरीज काय धरून बसलाव.