मदत हवी आहे: भंडाऱ्याचे फोटो आणि परवडणारं एडिटिंग सॉफ्टवेअर

नमस्कार मंडळी,

दिवाळीत सेकंडहँड कॅनन १५००डी घेतला, सोबत १८-५५ची किट लेन्स. इतके महिने जेपेगवरच फोटो काढत होते आणि खुशीत होते. मग सोमवतीला जेजुरीला गेले. पालखी गडावरून कऱ्हेवर स्नानाला निघते तेव्हाची भंडाऱ्याची, म्हणजे हळदीची, उधळण ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. कॅमेऱ्याला प्लास्टिकच्या पिशवीचा रेनकोट घातला होता, तरी घरी आल्यावर दोन दिवस बटणांच्या फटीतली हळद कापसाने टिपत बसले.

फोटो लॅपटॉपवर पाहिले आणि हिरमोड झाला. मी पाहिलेला भंडारा दाट होता, लोकांच्या खांद्यांवर थर साचलेला. फोटोत नुसता पिवळा डाग आहे, पोस्टर कलरचा हात मारल्यासारखा सपाट. एका आजोबांच्या कपाळावरच्या सुरकुत्यांत भंडारा बसला होता, तेवढ्यासाठी तो फोटो काढला, आणि नेमक्या सुरकुत्याच गायब. काही फोटोंत उलटंच: भंडारा फिकट आणि पायऱ्यांचा दगड निळसर. नशीब, मावसभावाचं ऐकून त्या दिवशी रॉ + जेपेग ठेवलं होतं (रॉ म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःचा रंग न चढवलेली मूळ फाइल). त्यामुळे सीआर२ फाइल्स, म्हणजे कॅननच्या रॉ, आहेत, पण त्या घेऊन जायचं कुठे ते कळत नाही.

लॅपटॉप साधा आहे: आय३, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एकरकमी तीन-चार हजार घालवायची तयारी आहे. दरमहा भाडं मात्र नको, घराचा हप्ता पुरेसा आहे. क्रॅक केलेलं तर मुळीच सुचवू नका. मागे एका दुकानात विंडोज टाकायला दिलं, तर "ताई, फोटोशॉप पण टाकून देतो, फुकट" म्हणाला. पंधरा दिवसांत लॅपटॉपभर जाहिराती, शेवटी फॉरमॅट, आणि त्यात भाचीच्या बारशाचे फोटो गेले.

स्वतः केलेले प्रयत्न: गिंप या मोफत सॉफ्टवेअरने सीआर२ एकट्याने उघडली नाही, आधी दुसरं सॉफ्टवेअर टाक म्हणाला. मग डार्कटेबल टाकलं, तेही मोफतच. फोटो उघडला, पण जेपेगपेक्षाही मळकट दिसत होता आणि उजवीकडे मॉड्यूल्सची, म्हणजे एडिटिंगच्या वेगवेगळ्या हत्यारांची, ही भलीमोठी रांग. घाबरून बंद केलं. आता काय घेऊ? आणि ते आजोबा परत मिळतील का?

प्रतिसाद १

ताई, पैसे पर्समध्येच राहू द्या. कॅमेरा घेतलात तेव्हाच सॉफ्टवेअरचेही पैसे भरून झालेत. कॅननच्या साइटवर डिजिटल फोटो प्रोफेशनल मोफत मिळतं, डीपीपी म्हणतात त्याला. डाउनलोड करताना सीरियल नंबर मागितला तर तो कॅमेऱ्याच्या बुडाला असतो. निकॉनवाल्यांना एनएक्स स्टुडिओ आहे, सोनीचंही असंच स्वतःचं आहे. फुकट म्हणून लोक त्याकडे ढुंकून पाहत नाहीत आणि महागड्या सॉफ्टवेअरचे व्हिडिओ बघत बसतात.

तुमच्या सुरकुत्या कुठे गेल्या ते सांगतो. फोटोतला प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा मिळून बनतो. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा जवळजवळ भरून, निळा जेमतेम. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. भंडाऱ्यात लाल आधीच वरच्या पायरीला टेकलेला, त्यावर कॅमेऱ्याची 'स्टँडर्ड' पिक्चर स्टाइल (रंगांचा तयार साचा) रंग आणखी चढवते. लाल कडेलोट झाला की उजळ हळद आणि तिच्या सावलीतली हळद एकसारखीच दिसणार. तुमची रॉ फाइल १४ बिटची आहे, म्हणजे १६,३८४ पायऱ्या, आणि पिक्चर स्टाइल अजून त्यात भिनलेली नाही.

डीपीपीत फोटो उघडा. व्हाइट बॅलन्स (कुठल्या उजेडात पांढरं पांढरं दिसावं ते) 'डेलाइट' करा. ऑटोवर ठेवला की एवढा पिवळा बघून कॅमेऱ्याला वाटतं काहीतरी चुकतंय, आणि तो निळं ओततो. गडाच्या पायऱ्या निळ्या झाल्या त्या त्यामुळे. मग पिक्चर स्टाइल 'न्यूट्रल', ब्राइटनेस जरासा खाली, हायलाइट (उजळ भाग) खाली. सॅच्युरेशनला, म्हणजे रंगाच्या भडकपणाला, सगळ्यात शेवटी हात लावा, नाहीतर पुन्हा पोस्टर कलर.

प्रतिसाद २

डीपीपी सुरुवातीला ठीक, पण ते फक्त कॅननच्याच रॉ फाइल्स उघडतं. उद्या कॅमेरा बदललात की शिकलेलं वाया. डार्कटेबलला दुसरी संधी द्या. फोटो मळकट दिसला कारण जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने फोडणी देऊन वाढलेली आमटी, आणि डार्कटेबलने तुमच्यापुढे नुसतं वरण ठेवलं. मॉड्यूल्सच्या रांगेकडे बघूच नका. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, सिग्मॉइड आणि कलर बॅलन्स आरजीबी, एवढ्या चारांवर माझं वर्ष निघालं.

भंडाऱ्यासाठी खास कारण म्हणजे पॅरामेट्रिक मास्क. फक्त पिवळ्या रंगाची पट्टी निवडायची आणि तेवढीच गडद करायची, चेहरे जसेच्या तसे. तुमच्या लॅपटॉपवर डीनॉइज (फोटोतले दाणे घालवणं) लावलंत की गाडी घाटात अडकेल, ते शेवटी लावा आणि चहा टाका. आणि हो, फोटोशेजारी तयार होणारी एक्सएमपी फाइल कचरा समजून उडवू नका. तुमच्या एडिटिंगची नोंद त्यात असते. मी उडवली होती.

प्रतिसाद ३

भाड्याला इतकी नावं ठेवू नका. मी लग्नं करते. एका लग्नाचे हजारावर फोटो निवडून, रंग जुळवून आठवड्यात द्यायचे तर भाड्याने मिळणाऱ्या अ‍ॅडोबच्या लाइटरूमला पर्याय मला सापडला नाही. हप्ता थांबवला तरी फोटो तुमच्या डिस्कवर राहतात, बंद होतं ते डेव्हलप मॉड्यूल, म्हणजे एडिटिंगचा भाग. पण ताई, वर्षातून चार जत्रा आणि एक बारसं यासाठी घेऊ नका. त्या चार हजारांत एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. बारशाच्या फोटोंचं वाचून पोटात खड्डा पडला.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल रात्री डीपीपी टाकलं. डेलाइट, न्यूट्रल, हायलाइट खाली, आणि आजोबा परत आले! कपाळावरच्या तीन आडव्या सुरकुत्या, आणि मधलीत भंडारा घामाने ओला होऊन गडद झालेला. हे मी प्रत्यक्षातही पाहिलं नव्हतं.

दुसरा एक फोटो मात्र काही केल्या सुधारत नाही. उधळलेली मूठ उन्हात आहे तिथे रॉमध्येही सपाटच. हार्ड डिस्कचं मनावर घेतलंय. डार्कटेबल दिवाळीच्या सुट्टीत.

आजोबा आमच्याच गावचे निघाले, त्यांना ८ × १२ची प्रिंट द्यायची आहे. फाइल कशी काढू?

प्रतिसाद १

मुठीचा तो फोटो सोडून द्या. सेन्सरच भरून वाहिला असेल तर कुठलंच सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. पुढच्या वेळी फोटो काढल्यावर तो पडद्यावर आणून डिस्प (DISP) बटण दाबा आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, बघा. जिथे फोटो लुकलुकतो तिथे गेलं समजायचं. एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा उजेड) दोन-तृतीयांश स्टॉप खाली आणा आणि परत काढा. मूठ काय, जेजुरीला पुन्हा उधळली जाईलच.

प्रिंटसाठी जेपेग, रंगांची पद्धत एसआरजीबी, क्वालिटी पूर्ण. अ‍ॅडोब आरजीबी ही दुसरी पद्धत दिलीत आणि लॅबने ती पाहिली नाही तर हळद आजारी दिसेल. तुमची फाइल ६००० × ४००० आहे, ८ × १२ला न कापता बसते. लॅबवाल्याला 'ऑटो करेक्शन नको' असं बजावून सांगा, नाहीतर तो पायऱ्या पुन्हा निळ्या करून देईल.