मदत हवी आहे: ‘जंप’ची सुरुवात कीबोर्डवर बसत नाहीये

मंडळी, व्हॅन हेलन या अमेरिकन रॉक बँडच्या ‘जंप’ गाण्याची सुरुवात वाजवायचा महिनाभर प्रयत्न करतोय. सूर सापडलेत. डावा हात खाली ‘सी’ धरून ठेवतो, उजव्या हातात एफ, जी, सी हे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) फिरतात. पण ठोके मात्रांच्या मध्ये पडतात, तिथे माझी दरवेळी घसरगुंडी होते. मेट्रोनोम (टिकटिक करून लय देणारं यंत्र) लावला की आणखीच गोंधळ!

दुसरी अडचण आवाजाची. मूळ गाण्यात एडी व्हॅन हेलनने ओबरहाइम ओबी-एक्सए हा सिंथेसायझर वाजवलाय. १९८३-८४ सालचा तो जाडजूड, किंचित थरथरता आवाज. माझ्या साध्या पाच सप्तकी कीबोर्डवरचा ‘सिंथ ब्रास’ त्यापुढे लग्नाच्या बँडमधल्या पिपाणीसारखा वाटतो. (बायकोचं मत, पण पटलं.) दोन टोन एकावर एक चढवून त्यातला एक किंचित बेसूर केला तर जमेल का? किती सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग)? फिल्टर कितपत उघडू?

पुढचं लक्ष्य ‘द हू’ या बँडचं ‘बाबा ओरायली’. ते तर सिंथेसायझर नसून लाउरी ऑर्गनचं ‘मारिंबा रिपीट’ (दाबलेले सूर आपोआप भरभर वाजवणारी सोय) आहे म्हणे, १९७१ चं. ते अर्पेजिएटरवर (कॉर्डचे सूर एकेक करून वाजवणाऱ्या सोयीवर) कोणी बसवलंय का? सेटिंग टाका, प्लीज.