एकट्याने भटकंती: स्कूबा, पॅराग्लायडिंग, राफ्टिंग आणि जंगल एकाच प्रवासात कसं बसवावं?

पाठपिशवी

नमस्कार मंडळी. दोन महिने एकट्याने, ४५ लिटरची एकच सॅक घेऊन निघायचं पक्कं केलं आहे. ढोबळ क्रम असा: आधी समुद्रकिनारी स्कूबा, मग डोंगरात टँडम (पायलटबरोबर, प्रवासी म्हणून) पॅराग्लायडिंग, एक दिवस राफ्टिंग, आणि शेवटचे आठ-दहा दिवस फक्त प्राणी-पक्षी. पोहता येतं. चष्मा आहे. स्कूबाचा कोर्स केलेला नाही.

१. सोबत कुणी नसताना आयोजक भरवशाचा आहे हे जागेवर कसं ओळखायचं?
२. स्कूबा आणि डोंगर यांत किती अंतर ठेवावं?
३. दुर्बीण कोणती? वजन फार नको.
४. एकट्याने जंगलात चालत प्राणी बघणं कितपत शक्य आहे?

"जाऊ नका" सोडून काहीही सांगा.

दोरगाठ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. फलकावरची प्रमाणपत्रं वाचण्यापेक्षा सामान हातात घेऊन बघा आणि एकच प्रश्न विचारा: "कोणत्या परिस्थितीत तुम्ही आजचा कार्यक्रम रद्द कराल?" चांगला माणूस लगेच सांगतो: वारा अमुकच्या वर गेला, नदीचं पाणी त्या खडकाच्या वर आलं, वर पाऊस लागला. "काही होत नाही हो" असं उत्तर आलं तर पैसे गेले तरी निघून या. गटात कुणीतरी एक जण कचरतो आणि बाकीचे थांबतात. एकट्या माणसाला हा ब्रेक नसतो, म्हणून आपली "नाही" म्हणायची रेषा आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवा.

राफ्टिंग: नदीच्या अवघडपणाची श्रेणी १ ते ६ अशी मोजतात. पहिल्यांदा ३ पुरे. ही श्रेणी पाण्याच्या पातळीबरोबर बदलते. काल ३ असलेला टप्पा रात्रीच्या पावसानंतर ४ होऊ शकतो. म्हणून "आज किती?" असं विचारा. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळा आणि कुणाला तरी खांद्याचे दोन्ही पट्टे धरून जोरात वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर पाण्यात ते तोंडावर येणार. बाजूचे पट्टे आणखी आवळा, नाहीतर लहान माप मागा. वल्ह्याच्या टोकाची आडवी मूठ तळहाताखाली झाकलेली हवी. ती मोकळी सुटली की शेजाऱ्याच्या दातांवर बसते.

पडलात तर पाठीवर तरंगा, पाय प्रवाहाच्या दिशेला, पावलं पृष्ठभागाजवळ. उभं राहायचं नाही. पाऊल दगडांच्या फटीत अडकलं की मागचं पाणी माणसाला पुढे आडवा करतं आणि मग मांडीभर पाण्यातही डोकं वर काढता येत नाही. पाणी गुडघ्याखाली आल्यावरच उभे राहा. काठावरून दोरीची थैली फेकली तर थैली धरू नका, दोरी धरा. छातीशी घ्या, मनगटाला गुंडाळू नका.

टँडम पॅराग्लायडिंग: हार्नेसमध्ये (अंगाला बांधायच्या पट्ट्यांच्या खुर्चीत) मांड्यांचे दोन पट्टे आणि छातीचा एक. स्वतः ओढून बघा, मांड्यांचे आधी. छातीचा लावलेला आणि मांड्यांचे विसरलेले, ही या खेळातली जुनी आणि जीवघेणी चूक आहे. मग दोन्ही बाजूंची कॅराबिनर (हार्नेस अडकवायच्या धातूच्या कड्या) बंद होऊन कुलूप बसलेली आहेत का ते पाहा, आणि राखीव पॅराशूट कुठे आहे ते पायलटला दाखवायला सांगा. उड्डाणाच्या वेळी प्रवासी करतात ती हमखास चूक म्हणजे दोन पावलं पळून खाली बसणं. पाय हवेत गेल्यावरही पळत राहा, पायलट सांगेल तेव्हाच बसा. वारा समोरून यायला हवा. वाऱ्याची पिशवी उतरणीकडे फुगलेली दिसली, म्हणजे वारा पाठीमागून आहे, तर थांबायचं. भर दुपारी उन्हाने तापलेली हवा उसळते. पहिल्या उड्डाणाला सकाळ किंवा उतरती दुपार घ्या.

खोलपाणी

तुमचा क्रम मुळात बरोबर आहे, पण मध्ये मोकळे दिवस सोडा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेची डाइव्हनंतरच्या (स्कूबाच्या बुडीनंतरच्या) विमानप्रवासाची शिफारस अशी आहे: टप्प्याटप्प्याने थांबत वर यावं लागत नाही असा एकच डाइव्ह केला असेल तर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस केले असतील तर किमान १८ तास. ही किमान मर्यादा आहे. प्रवाशाने सरळ २४ तास धरावेत, हिशेब सोपा राहतो. लोक विमान लक्षात ठेवतात आणि घाट विसरतात. विमानाच्या केबिनमधली हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असते तितकी विरळ असते. त्याच उंचीची खिंड बसने ओलांडली तरी डाइव्हमध्ये शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनला फरक कळत नाही, बुडबुडे तसेच होतात. पॅराग्लायडिंगलाही हाच नियम. सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळची डोंगराची बस, हे करू नका.

कोर्स नसेल तर प्रशिक्षकाबरोबरचा चाचणी डाइव्ह मिळतो. त्याची मर्यादा साधारण १२ मीटर. ओपन वॉटर या सुरुवातीच्या कोर्सला तीन-चार दिवस लागतात आणि १८ मीटरपर्यंत जाता येतं. दोन महिने हाताशी आहेत, कोर्सच करा. उतरताना दर मीटरला (नाक दाबून हलकेच फुंकून) कान मोकळे करायचे, दुखायची वाट बघायची नाही. दुखलं तर थोडं वर या, पुन्हा प्रयत्न करा. जोर लावू नका. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. नाक मोकळं करणारी गोळी खाऊन उतरलात आणि तिचा असर पाण्याखाली ओसरला, तर वर येताना हवा सायनसमध्ये अडकते.

आरोग्याच्या फॉर्मवर घाईने सगळीकडे "नाही" लिहू नका. दमा, फिट येणं, छातीचं ऑपरेशन असं काही असेल तर घरूनच डॉक्टरचं पत्र आणा. जंगलासाठी मलेरियाची गोळी घेणार असाल तर डॉक्टरला डाइव्हिंगबद्दल आवर्जून सांगा. मेफ्लोक्विन या मलेरियाच्या गोळीमुळे चक्कर, गोंधळलेपणा येऊ शकतो. तीच लक्षणं डाइव्हनंतरच्या आजाराचीही असतात आणि निदान चुकतं.

चष्म्याची काडी मास्कच्या रबराखाली आली की पाणी शिरतं. नंबरच्या काचा बसवलेला मास्क आधी मागून ठेवा. विम्याच्या कागदात खोलीची मर्यादा, उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टरने सुटका, या तीन ओळी शोधा. "साहसी खेळ समाविष्ट" एवढ्यावर थांबू नका.

पाणवठा

दुर्बीण ८×३२ घ्या. ८ म्हणजे आठपट जवळ, ३२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा: ४ मिमीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिमी होतो, पहाटे-संध्याकाळी फरक जाणवतो, पण वजनही वाढतं. १०× टाळा. हात थरथरतो तोही दहापट दिसतो, आणि दृश्याचा पट्टा अरुंद झाल्याने झाडीतला पक्षी शोधण्यातच वेळ जातो. चष्मा आहे म्हणून नेत्र-अंतर (डोळ्याकडची काच आणि डोळा यांतलं अंतर, आय रिलीफ) १५ मिमी किंवा जास्त बघा आणि डोळ्याकडचे रबरी कप आत फिरवून ठेवा.

नवीन दुर्बीण धूसर वाटते ती बहुतेक वेळा न जुळवल्यामुळे. उजवं पुढचं भिंग हाताने झाका. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या फांदीवर मधलं चाक फिरवा, डाव्या डोळ्याला साल स्पष्ट दिसेपर्यंत. आता डावं झाका, मधल्या चाकाला हात लावू नका, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच साल स्पष्ट करा. कडीवरची खूण लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक.

प्राणी शोधताना अख्खा प्राणी शोधू नका, तसा तो दिसतच नाही. झाडं उभी असतात, पाठ आडवी असते: उभ्या रेघांत एखादी आडवी रेघ शोधा, हलणारा कान, शेपटीचं टोक. नजर नेहमीच्या डावीकडून उजवीकडे न फिरवता उजवीकडून डावीकडे फिरवा, डोळा अडखळतो आणि तपशील सुटत नाही. जंगल आणि गवताळ माळ जिथे भेटतात ती कड, पाणवठ्याची वाट, फळं लागलेलं झाड, यापैकी एक जागा धरा आणि हलू नका. तुम्ही आल्यावर पक्षी गप्प होतात. ते पुन्हा बोलू लागेपर्यंत निदान वीस मिनिटं गेली पाहिजेत, खरं बघणं त्यानंतर सुरू होतं. वाऱ्याची दिशा बघायला चिमूटभर कोरडी माती बोटांतून सोडा. वारा तोंडावर हवा.

अंतराचा सोपा ताळा: हात ताठ करून अंगठा धरा. प्राणी अंगठ्यामागे पूर्ण झाकला जात नसेल तर तुम्ही फार जवळ आहात. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा नियम आकड्यात आहे: अस्वल, लांडगा आणि कूगर (तिथली मोठी मांजर) यांच्यापासून ९१ मीटर, इतर प्राण्यांपासून २३ मीटर. प्राण्याने चरणं थांबवून मान वर केली की तुमची पुढे जायची हद्द संपली.

अस्वलवाट

पाणवठा यांचं सगळं पटलं, पण चौथ्या प्रश्नात एक मोठी दुरुस्ती हवी. गुपचूप, वाऱ्याच्या विरुद्ध चालणं हे हरणं आणि पक्ष्यांसाठी ठीक. जिथे अस्वल आहे तिथे हेच सर्वात धोक्याचं. अस्वलाचे बरेचसे हल्ले अचानक समोरासमोर आल्याने होतात, म्हणून तिथे बोलत, टाळ्या वाजवत चालायचं, खास करून वळणांवर आणि ओढ्याच्या आवाजात. म्हणजे एकाच जागेवर एकट्याने "शोधणं" आणि "सुरक्षित राहणं" दोन्ही साधत नाही. अस्वल, हत्ती, मोठी मांजरं असलेल्या भागात स्थानिक वाटाड्या घ्या किंवा गाडीतून बघा. गाडीचा आकार प्राण्यांना ओळखीचा असतो. त्यातून खाली उतरलात की त्यांच्या लेखी वेगळा प्राणी आला.

मोठ्या मांजरासमोर पळायचं नाही. तोंड तिच्याकडे ठेवून, मोठं दिसत सावकाश मागे. हत्तीपासून मात्र आधीच लांब राहायचं, आणि कान ताठ झाले की लगेच माघार. अस्वलाचा फवारा (चालून आलेल्या अस्वलावर मारायचा मिरचीचा स्प्रे) विमानात नेता येत नाही, सामानातही नाही. जिथे कायद्याने चालतो तिथे पोहोचून विकत घ्या. तो कपड्यांवर किंवा तंबूवर मारायचा नसतो. छातीच्या पट्ट्यावर अडकवा, सॅकच्या तळाशी ठेवलेला फवारा नसल्यासारखाच.

पाठपिशवी

खूप आभार. स्कूबानंतर दोन दिवस किनाऱ्यावरच राहतो, आणि जंगलात वाटाड्या ठरला. शेवटचा एक: चालायच्या दिवशी पाय मुरगळला आणि फोनला रेंज नसेल तर?

दोरगाठ

निघायच्या आधी घरच्या एका माणसाला चार ओळी पाठवा: कुठून कुठे, कोणत्या वाटेने, परतीची वेळ, आणि त्यानंतर किती तासांनी कुणाला फोन करायचा. "संध्याकाळी कळवतो" याचा उपयोग नाही. "सहाला परत, नऊपर्यंत निरोप नाही तर या नंबरवर फोन" असं लिहा. आणि परत आलात की खरोखर कळवा, नाहीतर लोक रात्री तुम्हाला शोधायला निघतील.

फोन विमान मोडवर ठेवा. जीपीएस चालतं, बॅटरी वाचते, नकाशा आधी उतरवून ठेवलेला असला म्हणजे झालं. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र न्यायचा विचार असेल तर प्रत्येक देशाचा नियम तपासा. भारतात ते परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच, १०० वॅट-तासांच्या आत. २०,००० मिलिअँपिअर-तासांची बँक ३.७ व्होल्टने ७४ वॅट-तास होते, ती चालते.

शिट्टी सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यालाच बांधा, आत नको. मदतीची खूण म्हणजे मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. रात्री हेच टॉर्चने. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. ते ऐकू आलं तरी शोधणारे नजरेला पडेपर्यंत शिट्टी चालू ठेवा, त्यांना दिशा लागते.